आधी शपथ की आधी अक्षता?

ग्रीन कार्डवर अमेरिकेत राहणाऱ्या वडिलांनी भारतातल्या मुलीसाठी पिटिशन भरलेलं आहे, ते मंजूरही झालं आहे, आणि आता फक्त रांगेत नंबर लागायची वाट आहे. मुलगी अठ्ठावीस वर्षांची होते. चांगलं स्थळ येतं, दोन्ही घरांची पसंती होते, मुहूर्त निघतो. तिच्या डोक्यावर अक्षता पडतात त्याच दिवशी ते पिटिशन संपतं. कोणी आदेश काढत नाही, कोणाची सही लागत नाही. सरकारला लग्नाची खबरही नसते, तरी कायद्याच्या नजरेत ती मंजुरी त्या दिवसापासून रद्द झालेली असते. आता याच गोष्टीतला एकच तपशील बदलून पाहू. लग्नाच्या आदल्या दिवशी वडिलांनी अमेरिकी नागरिकत्वाची शपथ घेतली असती, तर पिटिशन जिवंत राहिलं असतं, रांगेतली तारीख टिकली असती, फक्त रांग बदलली असती. आणि पुढे नवऱ्यालाही सोबत नेता आलं असतं. माणसं तीच, नातं तेच, लग्नही तेच. बदलला तो दोन तारखांचा क्रम. लग्नामुळे प्रलंबित पिटिशनचं काय होतं, या प्रश्नाची अमेरिकी कायद्यात अनेक उत्तरं आहेत, आणि त्यांचा आढावा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. वरकरणी या नियमाचा रोख लग्नावर दिसतो, पण खरा नियम आईवडिलांच्या दर्जाचा आहे. दर्जातली उणीव काही वर्षांची असते. तिच्यापायी रांगेतली वर्षं मात्र कायमची जातात. ही विसंगती दूर करता येण्यासारखी आहे, आणि त्यासाठी एकही व्हिसा वाढवावा लागत नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी मांडणी समजून घेऊ. कौटुंबिक स्थलांतराची आजची व्यवस्था १९५२ चा मूळ कायदा, १९६५ ची मोठी दुरुस्ती आणि १९९० ची फेररचना यांवर उभी आहे. तिचे दोन भाग आहेत. अमेरिकी नागरिकाचा जोडीदार, नागरिकाचं एकवीस वर्षांखालील अविवाहित मूल, आणि नागरिक स्वतः एकवीस वर्षांचा झाला की त्याचे आईवडील, हे सगळे ‘निकटचे नातेवाईक’. त्यांच्यासाठी व्हिसांच्या संख्येला मर्यादा नाही, म्हणून रांगही नाही. बाकीचे नातेवाईक प्राधान्य गटांत मोडतात. नागरिकाची एकवीस वर्षांवरची अविवाहित मुलं एफ-१ मध्ये. ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार आणि लहान मुलं एफ-२ए मध्ये. ग्रीन कार्डधारकाची एकवीस वर्षांवरची अविवाहित मुलं एफ-२बी मध्ये. नागरिकाची विवाहित मुलं एफ-३ मध्ये. आणि प्रौढ नागरिकाची भावंडं एफ-४ मध्ये. या गटांना मिळून वर्षाला किमान २,२६,००० व्हिसा ठेवलेले आहेत. त्यांत एफ-१ ला २३,४००, दोन्ही एफ-२ गटांना मिळून १,१४,२००, एफ-३ ला २३,४०० आणि एफ-४ ला ६५,००० अशी वाटणी आहे. एफ-२ मधला ७७ टक्के वाटा जोडीदार आणि लहान मुलांचा, म्हणजे मोठ्या अविवाहित मुलांच्या वाट्याला साधारण सव्वीस हजार व्हिसा येतात. शिवाय कोणत्याही एका देशाला एकूण व्हिसांच्या सात टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. पिटिशन ज्या दिवशी दाखल झालं ती त्याची ‘प्रायॉरिटी डेट’. रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबाची सारी मिळकत ही एक तारीख असते.

या यादीत एक जागा रिकामी आहे, आणि साऱ्या प्रश्नाची मेख तिथेच आहे. नागरिकाच्या विवाहित मुलांना गट आहे. ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलांना कोणताही गट नाही. म्हणून एकाच घटनेचे, म्हणजे लग्नाचे, परिणाम जागोजागी वेगळे होतात. नागरिकाच्या एकवीस वर्षांखालील मुलाने लग्न केलं तर तो रांगेविना येण्याचा हक्क गमावून एफ-३ मध्ये जातो. एफ-१ मधल्या मुलीने लग्न केलं तर तीही एफ-३ मध्ये जाते. दोघांची प्रायॉरिटी डेट कायम राहते. उलट दिशेची वाटही मोकळी आहे: एफ-३ मधल्या मुलीचा घटस्फोट झाला तर ती एफ-१ मध्ये येते, आणि वय एकवीसच्या आत असेल तर थेट निकटच्या नातेवाइकांत. एफ-४ मध्ये भावाबहिणीच्या स्वतःच्या लग्नाने काहीच बिघडत नाही. त्यांचा जोडीदार आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलं त्याच पिटिशनवर सोबत येतात. फक्त त्या मुलांपैकी कोणी लग्न केलं की त्याचं नाव गळतं. ग्रीन कार्डधारकाच्या मुलाला मात्र बदली करून घ्यायला दुसरी रांगच नाही. त्याचं पिटिशन मंजूर असेल तर मंजुरी आपोआप रद्द होते. मंजूर व्हायचं असेल तर ते नामंजूर होतं. पुढे घटस्फोट झाला तरी ते जिवंत होत नाही, वडिलांनी नंतर शपथ घेतली तरीही नाही. नागरिक झालेल्या वडिलांना नवं पिटिशन भरावं लागतं, आणि नव्या पिटिशनला नवी तारीख लागते. जुन्या रांगेतली आठ-दहा वर्षं हिशोबातून पुसली जातात.

या वर्षांचं वजन आकड्यांत पाहिलं पाहिजे. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढतं. कोणत्या गटात कोणत्या तारखेपर्यंतचे लोक आत येऊ शकतात ते त्यात छापलेलं असतं. २०२५ मध्ये भारतीयांसाठी एफ-१ आणि एफ-२बी या दोन्ही गटांतली तारीख २०१६ च्या आसपास होती, एफ-३ मधली २०११ च्या आसपास, आणि एफ-४ मधली २००६ मध्ये. म्हणजे अविवाहित राहिलेल्या मुलाला साधारण नऊ वर्षं, नागरिकाच्या विवाहित मुलाला चौदा, आणि भावंडांना एकोणीस वर्षं थांबावं लागत होतं. यातून नागरिकाच्या मुलाला लग्नाची किंमत सांगता येते: आणखी पाच वर्षांची वाट. ही किंमत जड आहे, पण तिला हिशोब आहे. ग्रीन कार्डधारकाच्या मुलाच्या बाबतीत असा हिशोबच लागत नाही. पिटिशनच्या पहिल्या वर्षी लग्न केलं तर एक वर्ष बुडतं, आठव्या वर्षी केलं तर आठ. जो जितका अधिक थांबला, त्याचं तितकं अधिक नुकसान. सचोटीने रांगेत उभं राहणाऱ्याला अधिक मोठा दंड करणारा नियम कोणत्याही न्यायबुद्धीला खटकावा असाच आहे.

अशा नियमाचं समर्थन सहसा एका कल्पनेने केलं जातं: लग्न झालं की मूल आईवडिलांच्या घरातून वेगळं होतं, त्याचा स्वतंत्र संसार सुरू होतो, म्हणून त्याला आईवडिलांजवळ आणण्याची निकड उरत नाही. ही कल्पना अमेरिकी समाजात रुजलेली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पण हा कायदा स्वतःच तिच्याशी प्रामाणिक नाही. लग्नाने मूल परकं होतं असं कायद्याला खरोखर वाटत असतं, तर नागरिकाच्या विवाहित मुलांसाठी एफ-३ हा गटच नसता. संसार असलेल्या, चाळिशी-पन्नाशीतल्या भावंडांना बायकामुलांसह बोलावण्याची सोय तर मुळीच नसती. नागरिकाच्या विवाहित मुलाला कायदा कुटुंबातला मानतो. ग्रीन कार्डधारकाचा विवाहित मुलगा आपल्या वडिलांपासून त्याहून अधिक दूर गेलेला नसतो. दोघांत फरक आहे तो वडिलांच्या खिशातल्या कागदाचा. म्हणून हा नियम लग्नाविषयी काही सांगत नाही. नागरिकाचा हक्क ग्रीन कार्डधारकाहून मोठा आहे एवढंच तो सांगतो. तेवढं सांगण्याचा राज्याला अधिकार आहे. पण मग परिणामही तेवढ्यापुरताच हवा: वडील नागरिक होईपर्यंत मुलाने थांबावं, इतकाच.

ही घडण आली कुठून, हेही इतिहासात दिसतं. १९५२ च्या कायद्याने ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांना आणि मुलांना एक प्राधान्य गट दिला, आणि त्या कायद्यात ‘मूल’ या शब्दाची व्याख्याच एकवीस वर्षांखालील अविवाहित व्यक्ती अशी होती. वय आणि लग्न या दोन अटी मिळून ‘घरातलं लहान लेकरू’ ही एकच कल्पना उभी करत होत्या. पुढे त्यातली वयाची अट सैल झाली. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी सही केलेल्या कायद्याने देशनिहाय जुना कोटा मोडला, आणि त्यातल्या दुसऱ्या प्राधान्य गटात ग्रीन कार्डधारकांची कोणत्याही वयाची अविवाहित मुलं बसली. एक अट गेली, जोडीची दुसरी तशीच राहिली. वीस वर्षांच्या मुलाबद्दल लग्नाची अट काही तरी अर्थ सांगत होती. पस्तीस वर्षांच्या, स्वतः कमावणाऱ्या माणसाला ‘अविवाहित’ म्हणून मुलांच्या रांगेत उभं करण्यात तो अर्थ उरत नाही. त्यातही १९६५ साली ही रांग पुढे नऊ-नऊ वर्षांची होईल असं कोणी गृहीत धरलं नव्हतं. सहा महिने लग्न लांबवायला लावणारा नियम आणि तिशी ओलांडेपर्यंत लांबवायला लावणारा नियम, शब्द तेच असले तरी, एक नसतात.

मराठी कुटुंबांना हा नियम कसा भिडतो ते एफ-४ च्या वाटेने पाहिलं की कळतं, कारण अनेक घरांचं अमेरिकेशी नातं एका बहिणीच्या किंवा भावाच्या पिटिशनने सुरू होतं. समजा, नागरिक झालेल्या आत्याने २००६ मध्ये भावासाठी पिटिशन भरलं. तेव्हा भावाची मुलगी सहा वर्षांची. नंबर लागला तेव्हा ती पंचवीस वर्षांची, म्हणजे आत्याच्या पिटिशनवर आईवडिलांबरोबर जाण्याचं तिचं वय उलटून गेलेलं. अशा मुलांसाठी २००२ मध्ये अमेरिकी संसदेने खास कायदा केला, आणि पिटिशन मंजूर व्हायला जितका काळ लागला तितका काळ वयातून वजा करण्याची सोय त्यात आहे. पण रांगेत गेलेली वर्षं त्यात वजा होत नाहीत, आणि जी वर्षं घात करतात ती रांगेतलीच असतात. या मुलांना निदान जुनी तारीख तरी मिळावी, हा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; २०१४ मध्ये तो फेटाळला गेला. म्हणून आईवडील एकटे जातात आणि तिथून मुलीसाठी एफ-२बी चं नवं पिटिशन, नव्या तारखेने, भरतात. सहाव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत थांबलेली ही मुलगी पुन्हा शून्यावर येते. आणि आता नेमकी लग्नाच्या वयाची वर्षं तिला अविवाहित राहून काढायची असतात. अशा वेळी अमेरिकेतल्याच एखाद्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या तरुणाशी तिचं लग्न जमलं तर ती तात्पुरत्या व्हिसावर आईवडिलांजवळ पोहोचेलही, पण वडिलांचं पिटिशन त्या लग्नाने गेलेलंच असतं.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे वडिलांनी लवकर नागरिक व्हावं. तो खरोखरच उपाय आहे, पण सगळ्यांच्या आवाक्यातला नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. त्यातला निम्मा काळ प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेला असावा लागतो, आणि सहा महिन्यांहून लांबलेली प्रत्येक भारतभेट वास्तव्याच्या अटीवर प्रश्नचिन्ह लावते. पुण्या-नाशिकचं घर, शेत, म्हातारे आईवडील यांच्यासाठी वर्षातले सहा-सात महिने इकडे घालवणाऱ्या माणसाची पाच वर्षं कागदावर पुरी होत नाहीत. नंतर इंग्रजी वाचण्या-लिहिण्या-बोलण्याची आणि अमेरिकेचा इतिहास, राज्यव्यवस्था यांची परीक्षा. आपल्या भाषेत परीक्षा देण्याची सवलत पन्नाशी उलटून ग्रीन कार्डवर वीस वर्षं झालेल्यांना, किंवा पंचावन्न उलटून पंधरा वर्षं झालेल्यांना मिळते. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिकडे गेलेल्या माणसाला मराठीतून परीक्षा द्यायची तर त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत थांबावं लागेल. म्हणजे लेकीचं लग्न कधी व्हावं हे वडिलांच्या इंग्रजीवर अवलंबून राहतं. आईने आधी नागरिकत्व मिळवलं तरी वडिलांनी भरलेलं पिटिशन त्याने वाचत नाही. ज्याचं पिटिशन, त्याचीच शपथ लागते. म्हणून जिथे शक्य आहे तिथे आई आणि वडील दोघांनीही वेगवेगळी पिटिशनं भरून ठेवणं शहाणपणाचं आहे.

आणखी एक गैरसमज आपल्याकडे घातक ठरतो: नोंदणी झाली नाही म्हणजे लग्न झालं नाही. अमेरिकी कायदा लग्नाची वैधता सामान्यतः ते जिथे लागलं तिथल्या कायद्याने ठरवतो. आपला १९५५ चा हिंदू विवाह कायदा सांगतो की जिथे सप्तपदीची रूढी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण आणि बंधनकारक होतं. नोंदणी हा त्याचा पुरावा, नोंदणीवाचून ते लग्न रद्द होत नाही. म्हणजे मांडवात विधिपूर्वक लागलेलं लग्न, दाखला काढला नाही तरी, पिटिशन संपवतं. साखरपुड्याने ते संपत नाही, कारण साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. याच्या उलट, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली निबंधकासमोर सह्या झाल्या की तेच लग्न. थाटाचा समारंभ दोन वर्षांनी करू म्हटलं तरी कायद्याची तारीख सहीचीच. ‘आधी रजिस्टर करून ठेवू, मांडव नंतर घालू’ हा आपल्याकडचा सरसकट सल्ला प्रलंबित पिटिशन असलेल्या घरात फार महाग पडू शकतो. दक्षतेची मुदतही व्हिसा हातात पडल्याने संपत नाही. अविवाहित म्हणून मिळालेल्या व्हिसावर अमेरिकेच्या दारात पाऊल ठेवताना माणूस अविवाहितच असावा लागतो. मुंबईच्या कॉन्सुलेटने व्हिसा दिला आणि विमानात बसण्याआधी घाईने लग्न उरकलं, तर तो व्हिसा त्या माणसाचा राहत नाही.

या कडकपणाचं फळ म्हणजे लपवाछपवी. फिलिपिन्समध्ये कौटुंबिक रांगा भारतापेक्षाही लांब आहेत, आणि तिथल्या लग्न लपवून आलेल्या स्थलांतरितांचे खटले अमेरिकी न्यायालयांत दशकानुदशकं चालत आले आहेत. लग्न लपवून ग्रीन कार्ड मिळतं. मग काही वर्षांनी नवऱ्याला किंवा बायकोला बोलावण्यासाठी पिटिशन भरावं लागतं, त्यासोबत लग्नाचा दाखला जोडावा लागतो, आणि त्या दाखल्यावरची तारीखच आपल्याविरुद्ध साक्ष देते. तेव्हा नागरिकत्व नाकारलं जाऊ शकतं, हद्दपारीचं प्रकरण उभं राहू शकतं. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आईवडील, जोडीदार वा मुलं असलेल्यांना काही वेळा माफी मिळू शकते, पण ती अधिकाऱ्यांच्या मर्जीवरची, हक्काची नव्हे. केवळ कागदासाठी घेतलेला घटस्फोटही वाचवत नाही: कागदोपत्री वेगळं होऊन पतिपत्नी म्हणूनच एकत्र राहणाऱ्यांचा घटस्फोट स्थलांतरासाठी मानायचा नाही, असं अमेरिकेच्या स्थलांतरविषयक अपिलीय मंडळाने १९८३ मध्येच ठरवलं आहे. खोटेपणाचं समर्थन करता येणार नाही. पण साधी माणसं आयुष्यातली सर्वांत आनंदाची घटना लपवू लागतात, तेव्हा त्यांच्या नीतीइतकीच नियमाच्या घडणीचीही तपासणी व्हायला हवी.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: व्हिसा मोजके आहेत, म्हणून कोणाला तरी मागे ठेवावंच लागणार, जोडीदार आणि लहान मुलांपुढे विवाहित प्रौढ मुलं मागे राहिली तर त्यात अन्याय काय? या भूमिकेला अमेरिकेत मोठा आधार आहे. बार्बरा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थलांतर सुधारणा आयोगाने १९९५ मध्ये प्रौढ मुलांचे आणि भावंडांचे गट बंद करून जोडीदार आणि लहान मुलांना पुढे घेण्याची शिफारस केली होती. २०१३ मध्ये सिनेटने संमत केलेल्या, पण कायदा न झालेल्या विधेयकात भावंडांचा गट रद्द होणार होता, आणि नागरिकांच्या एकतीस वर्षांवरच्या विवाहित मुलांनाही वगळलं जाणार होतं. लहान मुलं आधी यावीत हे मला मान्य आहे. पण माझी मागणी त्यांच्या वाट्याला हात लावत नाही. प्रश्न गट असावेत की नसावेत हा नाही. गट आहेत तोवर एकाच प्रकारच्या दोन माणसांना वेगळा न्याय का, हा आहे. समजा, दोन ग्रीन कार्डधारक वडिलांनी २०१५ मध्ये आपापल्या मुलांसाठी पिटिशनं भरली आणि दोघेही २०१८ मध्ये नागरिक झाले. एकाच्या मुलाने २०१९ मध्ये लग्न केलं. तो २०१५ ची तारीख घेऊन एफ-३ मध्ये उभा आहे. दुसऱ्याच्या मुलाने २०१७ मध्ये केलं. त्याच्या वडिलांनी शपथ घेताच नवं पिटिशन भरलं असेल तर त्याची तारीख २०१८ ची, आणि नव्या पिटिशनची गरज त्यांना उशिरा कळली असेल तर तेवढी आणखी उशिराची. आज दोघांचे वडील नागरिक आहेत, दोघेही विवाहित आहेत, दोघांची पिटिशनं एकाच वर्षी भरली होती. या फरकामागे टंचाई नाही. नुसता क्रम आहे.

दुसरा आक्षेप: हे सगळं आधीच ठाऊक असतं, जाणून केलेल्या निवडीची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी. ठाऊक असतं हेच मुळात खरं नाही. पिटिशन आपोआप रद्द होतं, त्या क्षणी कोणी सावध करत नाही. कित्येकांना ते वर्षांनंतर, मुलाखतीची कागदपत्रं भरताना कळतं. आणि ठाऊक असलं तरी ती निवड म्हणावी का? ‘लग्न कर आणि आईवडिलांजवळ जाण्याचा हक्क सोड, नाही तर दहा वर्षं एकटी राहा’ ही निवड मुलीसाठी आणि मुलासाठी सारखी नसते. मूल होण्याचं वय, स्थळं येण्याचं वय, समाजाचे टोमणे, यांचा भार मुलीवर अधिक पडतो. ज्या घरी आईवडील परदेशात आणि लेक इथे मामाकडे किंवा वसतिगृहात एकटी आहे, तिथे लग्न लांबवणं म्हणजे तिचा सगळा आधारच लांबवणं. तिसरा आक्षेप असा की हा नियम ग्रीन कार्डधारकांना नागरिकत्वाकडे ढकलतो, आणि राष्ट्राने ते इच्छावं यात गैर काय? गैर काही नाही. पण पिटिशन रद्द न करता नुसतं स्थगित ठेवलं तरी ते प्रोत्साहन तसंच राहतं, कारण वडील शपथ घेईपर्यंत विवाहित मुलाचा नंबर लागणारच नाही. उलट पिटिशन मेल्यावर शपथ घेऊनही जुनी वर्षं परत मिळत नसतील, तर नियमाने शपथेची घाई करण्याचं एक कारण काढूनच घेतलं.

म्हणून सुधारणा साधी सुचते. ग्रीन कार्डधारकाच्या मुलाने लग्न केलं तर पिटिशन रद्द न होता निद्रिस्त व्हावं. त्या काळात त्यावर व्हिसा मिळू नये, जोडीदारालाही मिळू नये. वडिलांनी नागरिकत्वाची शपथ घेतली की ते मूळ तारखेसह एफ-३ मध्ये जागं व्हावं. घटस्फोट झाला किंवा जोडीदार वारला तर एफ-२बी मध्ये परत यावं. यात एकूण व्हिसा वाढत नाहीत, देशाची सात टक्क्यांची मर्यादा हलत नाही, एफ-३ मधल्या कोणाच्याही पुढे त्याच्याआधीची तारीख नसलेला माणूस जात नाही. हा विचार कायद्याला परकाही नाही. नागरिकांच्या मुलांची पिटिशनं लग्नाने आणि घटस्फोटाने गट बदलतात, मरत नाहीत. ग्रीन कार्डधारकाचं मूल एकवीस वर्षांचं झालं की एफ-२ए मधून एफ-२बी मध्ये जुन्याच तारखेने जातं. वडिलांच्या शपथेने एफ-२बी चं पिटिशन एफ-१ होतं, आणि तिथली रांग अधिक लांब असेल तर जुन्या गटात थांबण्याची मुभाही २००२ च्या कायद्याने दिली. अर्जदार मरण पावल्यावरही काही नातेवाइकांची पिटिशनं पुढे चालू ठेवण्याची तरतूद २००९ मध्ये आली. अर्जदाराच्या मृत्यूनंतरही जे पिटिशन जगू शकतं, ते लाभार्थ्याच्या लग्नाने मरावं, याला काय म्हणावं? मुलं अविवाहित हवीत हे संसदेच्या कायद्यात आहे. पण लग्नाच्या दिवशी मंजुरी आपोआप रद्द व्हावी, हे अंमलबजावणीच्या नियमांत लिहिलेलं आहे. निदान त्या नियमांचा फेरविचार प्रशासनाच्या हातात आहे. तो होईपर्यंत कुटुंबांच्या हातात एवढंच उरतं की पिटिशन कोणत्या गटातलं आहे ते मुहूर्त काढण्याआधी पाहावं, ज्याचं पिटिशन त्याची शपथ आधी व्हावी, आणि लग्नाची तारीख कोणत्याही कागदावर कधीच लपवू नये.

आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त काढताना गुरुबळ पाहतात, परीक्षा पाहतात, पावसाळा पाहतात, घरातल्या वडीलधाऱ्यांची तब्येत पाहतात. या यादीत परक्या देशाच्या दरबारातली एक शपथ येऊन बसली आहे, आणि ती बाकी सगळ्यांवर भारी ठरते. राज्याने आपली दारं किती उघडावीत हे त्याने ठरवावं; रांग लावावी, ती लांब असली तरी लोक तिच्यात उभे राहतात, एकोणीस-एकोणीस वर्षं उभे राहिले आहेत. पण रांगेत घालवलेली वर्षं हे त्या माणसांनी राज्यावर टाकलेल्या विश्वासाचं माप आहे. लग्न केलं म्हणून मुलगी लेक राहत नाही असं कोणताही बाप म्हणत नाही, आणि नागरिकाच्या मुलीबद्दल अमेरिकेचा कायदाही तसं म्हणत नाही. ग्रीन कार्डधारकाच्या मुलीला त्याने तेवढाच न्याय द्यावा: तिला थांबवावं, पण तिची तारीख पुसू नये.